अक्कानं माईक हिसकावला

लोक मला विचारतेत, "बन्सी, तुझा भोंग्याचा धंदा, उभी जिंदगी सभा-मेळाव्यात गेली, सगळ्यात जबर भाषण कुणाचं ऐकलंस?" मी म्हणतो, माझ्या बहिणीचं. लोक फिदीफिदी हसतेत. हसा लेकहो, खुशाल हसा! त्या दिवशी शंकरपटाच्या मैदानात जे होते त्यांना विचारा, ते हसतेत का बघा. आत्ता सांगताना सुद्धा काटा येतोय अंगावर, हा बघा हात!

तर माझी बहीण चतुराबाई. माझ्याहून मोठी, म्हणून अक्का. फुलंब्रीजवळच्या एका गावात दिली. घर चांगलं, मका-कपाशी बरी, दारात दुभती जनावरं. पण रीत जुनी. थोरल्या दिरासमोर पदर कपाळाच्या खाली आणि तोंड बंद. थोरले दीर म्हणजे काकासाहेब, घराचे कारभारी. चहा झाला की अक्का भिंतीकडं बघून बोलायची, "चहा झालाय म्हणावं." कुणाला म्हणावं? भिंतीला! आणि काकासाहेब ओट्यावर बसून त्याच भिंतीला उत्तर द्यायचे, "आणा म्हणावं." वीस-बावीस वर्षं ती भिंत दोघांचे निरोप पोचवत होती, बिचारी. मी चेष्टा करायचो, "अक्का, दिवाळीला त्या भिंतीला साडी घे एखादी." ती लाटणं उगारायची.

आमचे दाजी म्हणजे कडूबा, काकासाहेबांचे धाकटे भाऊ. घरात बायको जितकी गप, तितका हा माणूस बोलका. रोज सकाळी फुलंब्रीहून शहरात जायचे, गुलमंडीत एका कापडाच्या दुकानासमोर उभं राहून गिऱ्हाईक बोलवायचं काम. "या ताई, या मावशी, बघायला काय जातंय!" आवाज असा की जी बाई नुसती भाजीला निघालेली असायची, तीसुद्धा दोन झंपरपीस घेऊन बाहेर पडायची. आणि बैलांच्या शर्यतीवरची बंदी उठली तसे दाजी एकदम फेमस झाले. रविवारी कुठंही शंकरपट असो, माईकवर कडूबाच पाहिजेत. भोंगे माझे, आवाज दाजींचा. बैल नुसते पळायचे, पण दाजी ते पळणं असं सांगायचे की म्हातारी माणसं टोपी उडवायची! मध्येच नकला करायचे. पुढाऱ्याची, लाईनमनची, पिऊन आलेल्या नवरदेवाच्या मामाची. पब्लिक लोळायचं हसून.

आता एक गोष्ट सांगतो, ती ध्यानात ठेवा. दाजींच्या वडिलांच्या अंगावरून वारं गेलं होतं. डॉक्टर त्याला पॅरालिसिस म्हणतात. एक अंग गेलं, तोंड वाकडं झालं, तीन वर्षं बाजेवर होते आणि बाजेवरच गेले. अक्कानं त्यांचं सगळं केलं. म्हणून दाजी दुनियेची नक्कल करायचे, पण वाकड्या तोंडाची कधी केली नाय. कुणी फर्माईश केली तर उठून जायचे.

आणि हेच दाजी स्वतःची गोळी खायचे नाय! दुकानात तपासणीवाले आले तेव्हा बीपी वाढलेलं निघालं. गोळी रोज घ्या, मनानं सोडू नका, असं बजावून सांगितलं होतं. ह्यांनी एक पाकीट संपवलं आणि म्हणाले, "आता मला काय होत नाय, मग गोळी कामून? ताप उतरल्यावर कुणी गोळ्या खातं का?" अक्का मागं लागली की तिची नक्कल करून दाखवायचे. वय तरी काय, पन्नाशी दूर होती.

आता त्या दिवसाचं ऐका. थंडीचे दिवस, दुपारचं ऊन, फुलंब्रीच्या पलीकडचं मैदान. माणूस किती म्हणून सांगू! ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर बाया, झाडांवर पोरं, पट्टीच्या दोन्ही बाजूंनी नुसती डोकी. पटाचे अध्यक्ष नानासाहेब फेटा बांधून स्टेजवर. फायनलला रामकिसनची जोडी उभी. बैल असे फुरफुरत होते की धरणाऱ्यांचे पाय घसरत होते. आणि दाजी माईकवर पेटले होते, "आली आली आली, रामकिसनची जोडी आली, मागं सरका रे, बैल काय ओळख दाखवणार नायत!"

आणि एकदम दाजींची जीभ जड झाली.

"रा... राम... म्या... म्याम..." शब्द लडबडायला लागले. तोंड एका बाजूला ओढलं गेलं. उजव्या हातातला माईक सुटला, स्टेजवर धाडकन पडला, भोंग्यातून असा आवाज की बैल बिथरले. मी खालून ओरडलो, "ओ दाजी, माईक फोडता का माझा!" आणि पब्लिक? अहो, पब्लिक खदाखदा हसलं! शिट्ट्या, टाळ्या, "वन्स मोअर!" सगळ्यांना वाटलं, नवीन नक्कल काढली कडूबानं. दाजी डाव्या हातानं माईक उचलायला वाकले, ते माईक मुठीत धरून वाकडेच खाली बसले. तरी टाळ्या! मी पण हसत होतो, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात बायांच्या ट्रॉलीवरून एक बाई खाली उडी मारून पळत सुटली. ऐन धावपट्टीवरून! समोर बिथरलेली बैलजोडी, धरणारे बोंबलतेत, "ओ बाई, मराल!" पदर खांद्यावर, चप्पल कुठल्या कुठं. बघतो तर अक्का! ओरडत येत होती, "हसू नका! अरे हसू नका! ते नक्कल करत नायत, त्यांच्या अंगावरून वारं गेलंय! ते असली नक्कल करतच नायत!"

आम्ही सगळे वर्षानुवर्षं त्या माणसाबरोबर फिरलो, आणि ओळखलं कुणी, तर तिनं, लांब ट्रॉलीवर बसून.

स्टेजवर एकच गर्दी झाली. कुणी पाणी पाज म्हणे, कुणी कांदा हुंगव म्हणे. दाजी डोळे मोठे करून बघत होते, काहीतरी सांगत होते, पण तोंडातून नुसता घोळ. काकासाहेब गर्दी हटवत आले. भावाचं तोंड बघितलं आणि त्यांचा चेहराच उतरला. पण कारभारी माणूस, लगेच हुकूम सोडला, "जीप आणा. औषधाच्या गावाला न्यायचं. आणि वाटेत कुणी सुई टोचू देऊ नका!"

हे औषधाचं गाव म्हणजे शहराच्या बरोबर उलट दिशेला, डोंगराकडं. तिथं वाऱ्याचं झाडपाल्याचं औषध देतेत. तेल, लेप, अंधाऱ्या खोलीत निजवणं. आणि अट एकच, आधी सुई लागलेली नसावी, नायतर औषध लागू पडत नाय म्हणे. आमच्या भागात कुणाच्याही अंगावरून वारं गेलं की गाडी पहिली तिकडं वळते. काकासाहेबांनी वडलांना तिकडंच नेलं होतं. त्यांच्या आज्याला बैलगाडीत घालून तिकडंच नेलं होतं. माणूस वाईट नाय हो तो, भावासाठी जीव तुटत होता त्याचा. पण त्याला तेवढा एकच रस्ता माहीत होता.

अक्का माझ्या कानात म्हणाली, "बन्सी, शहरात न्यायचं. दुकानात तपासणीवाल्यांनी सांगितलं होतं ना ह्यांना, तोंड वाकडं झालं की लगोलग मोठ्या दवाखान्यात, उशीर झाला की उपयोग नाय. ह्यांनीच घरी येऊन त्या तपासणीवाल्यांची नक्कल करत सांगितलं होतं. काकासाहेबांना सांग!"

मी म्हणलं, "काकासाहेब, शहरात..."

"तू गप ए भोंगेवाल्या! आमच्या घरातलं आम्ही बघू." जीप आली पण. दोघा-चौघांनी दाजींना उचलायला हात घातला.

अक्का इकडं बघते, तिकडं बघते. दिरासमोर तोंड उघडायचं नाय आणि मैदानात भिंत कुठली? मला अजून तिचा तो चेहरा दिसतो. मग तिची नजर खाली गेली. दाजींच्या डाव्या मुठीत माईक तसाच होता. तिनं तो ओढून घेतला. दाजी सोडेनात, तर हिसकावला! काकासाहेबांकडं पाठ केली आणि पब्लिककडं तोंड.

"ऐका!" असा आवाज निघाला की भोंगे शिट्टी मारायला लागले. मी धावत जाऊन आवाज सेट केला. धंद्याची सवय, दुसरं काय!

"ऐका माझ्या मायबापहो! मी कडूबाची बायको. मला बोलता येत नाय, पण एक विचारते. तुमच्यातल्या ज्याच्या घरात कुणाच्या अंगावरून वारं गेलंय, त्यानं हात वर करा!"

कुणी हलेना. मग बाभळीखालच्या एका म्हाताऱ्यानं हात वर केला. मग ट्रॉलीवरच्या एका बाईनं. मग चार, मग दहा, आणि मग... बाबो! जिकडं बघावं तिकडं हात! चहावाल्याचा हात वर. बैल धरणाऱ्यांचा वर. माझ्या मशीनवरच्या कामगाराचा वर. नानासाहेबांनी फेट्यापर्यंत नेलेला हात हळूच वर केला, त्यांची थोरली बहीण गेलेली. ह्या गावांत मी वर्षानुवर्षं भोंगे लावतोय, लग्नात, बारशात, सभेत, आणि मला ठाऊक नव्हतं की घरटी एक बाज आत टाकलेली आहे म्हणून! कुणी बोलत नाय. वारं गेलं म्हणायचं आणि गप बसायचं. लोक पण एकमेकांकडं बघायला लागले. तुझ्याकडं पण? व्हय, आमच्याकडं पण.

"आता खाली घेऊ नका!" अक्का ओरडली. "त्यातल्या ज्यांनी औषधाच्या गावाला नेलं, आणि ज्याचं माणूस पहिल्यासारखं चालाय-बोलाय लागलं, त्यांनीच हात वर ठेवा. बाकीच्यांनी खाली."

अहो, हात असे पडले! उरले किती, तर हाताच्या बोटावर मोजावेत इतके. ते खरंच बरे झाले असतील, मी नाय म्हणत नाय. पण बाकीचं सगळं रान खाली बसलं.

"आणि शहरात मोठ्या दवाखान्यात लगोलग नेलं, असं कुणी आहे का? एक तरी?"

एक पण हात नाय. मला वाटलं, संपलं. मी देवाचं नाव घेत होतो. एवढ्यात छकड्यावरून रामकिसन उठून उभा राहिला, फायनलचा गडी, हातात कासरा. "मी नेलं! माझ्या बायकोला! लगोलग नेलं, सुई दिली! ती बघा, तिथं डबा घेऊन बसलीय!" सगळ्यांच्या माना वळल्या. ती बाई लाजून उभी राहिली, एक पाय जरा ओढत होती, पण उभी होती.

अक्काचा आवाज तिथं फुटला. "माझे सासरे तीन वर्षं बाजेवर होते. मी केलं त्यांचं, माझी तक्रार नाय. पण मालकाला मी बाजेवर टाकणार नाय! मला शहरात जायचंय. मला वाट द्या!"

काकासाहेब लालबुंद झाले. हजारो माणसांसमोर घरच्या सुनेनं त्यांचा शब्द मोडला होता. जीपची चावी काढली, खिशात घातली आणि गर्दीतून निघून गेले.

मी म्हणलं, जाऊ दे तुमची जीप, माझा छोटा टेम्पो आहे ना! मशीनच्या वायरी उपटल्या, टपावरचे दोन भोंगे तेवढे बॅटरीवर राहू दिले. दाजींना मागं सतरंजीवर निजवलं, अक्का त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली. पण निघायचं कसं? सगळीकडं माणूस! तेव्हा नानासाहेबांनी फायनलची झेंडी हातात घेतली आणि धावपट्टीकडं बोट केलं. "हाण बन्सी!" झेंडी पडली आणि मी टेम्पो सोडला, ऐन बैलांच्या पट्टीवरून सरळ डांबरी रस्त्याला! दोन्ही बाजूंनी लोक ओरडत होते, "हाण! हाण!" आणि रामकिसन? त्या येड्यानं कासरा दुसऱ्याच्या हातात दिला, फायनल सोडली आणि पळत येऊन मागं लटकला. माईक धरला त्यानं.

फुलंब्री गेलं, चौक्याचा घाट आला. ट्रकांची रांग. रामकिसन भोंग्यावरून बोंबलतोय, "सरक, सरक, पेशंट आहे, हुर्रर्र, हाऽऽ!" बैल हाकायची सवय लागलेली, ट्रकवाले चक्रावून बाजूला होत होते. हर्सूलला पोलिसानं शिट्टी मारली, रामकिसन त्याला पण म्हणाला, "हुर्रर्र!" मागून अक्का सारखी विचारत होती, "बन्सी, किती राहिलं?" आणि दाजींना म्हणत होती, "झोपू नका, माझ्याकडं बघा, खबरदार डोळे मिटाल तर." बावीस वर्षांत नवऱ्याला इतकं दरडावून बोललेली मी पहिल्यांदाच ऐकली.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. पहिला सवाल, "हे कधी सुरू झालं? नक्की वेळ सांगा." अक्का म्हणाली, "फायनलच्या झेंडीच्या आधी." बाई गोंधळल्या. रामकिसननं पुढं होऊन घड्याळातली वेळ सांगितली, फायनलच्या गड्याला ती पाठ असते. मग डोक्याचा फोटो, धावपळ, सह्या. मेंदूत रक्ताची गाठ अडकलीय, ती विरघळवायची सुई देता येईल, त्यात धोका पण आहे, असं बाईंनी समजावलं. अक्का म्हणाली, "द्या." आणि सही ठळक केली.

बाहेर बाकड्यावर बसलो तर शेजारी अजून दोन घरची माणसं, हीच बिमारी. डॉक्टरीणबाई जाता जाता म्हणाल्या, "आज सकाळपासून तुमचे तिसरे. रोज येतात, कमावती माणसं, बहुतेकांची बीपीची गोळी सुटलेली. बहुतेक जण उशिरा येतात हो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. तुम्ही वेळेत आणलंत." अक्कानं पदरात तोंड खुपसलं आणि अशी रडली, अशी रडली! मी पण रडलो. रामकिसन पण. त्याची फायनल गेली होती ना, तो दोन्हीसाठी रडला असेल.

दुसऱ्या दिवशी आत सोडलं. दाजींच्या उजव्या हाताची बोटं हलत होती. मला बघून तोंड हलवायला लागले. मी वाकलो. "ब... बन्सी... मा... ईक... फुटला?" मी म्हणलं, "फुटला की! उठा लवकर आणि भरून द्या!" आणि दाजी अर्ध्या तोंडानं हसले. देवा रे देवा, काय तो आनंद सांगू!

आता दाजी चालतेत. उजवा हात जरा जड, गोळी मात्र सकाळी देवाच्या आधी. दुकानदारानं खुर्ची दिलीय, बसून गिऱ्हाईक बोलवतेत. बोलणं सावकाश झालं. परवाच्या पटाला नानासाहेबांनी आग्रहानं एका फेरीपुरतं बसवलं. दाजी म्हणाले, "जो... डी... सुट... ली..." तोवर बैल पलीकडं जाऊन, वैरण खाऊन परत आले होते! पब्लिक लोळलं हसून आणि दाजी सगळ्यात जास्त हसले.

पण काकासाहेबांनी तो दिवस सोडला नाय. दवाखान्यात आले, भावाजवळ बसले, रात्रंदिवस बसले. पण अक्काच्या हातचा चहा बंद. "आमच्या घरात बायका भोंग्यावर बोलतेत," असं पारावर बोलून दाखवायचे. भिंतीशीसुद्धा बोलणं बंद झालं. घरातल्या बाया अक्काशी जपून बोलायला लागल्या. मी म्हणलं, "अक्का, माफी मागून टाक ना, काय जातंय?" ती म्हणाली, "कशाची?"

मागच्या महिन्यात मी गावी गेलो होतो. सकाळची वेळ, काकासाहेब गोठ्यात धार काढायला बसले होते. धारेचा आवाज थांबला आणि बादली कलंडली. आम्ही धावलो. उजवा हात लोंबत होता, तोंडाचा एक कोपरा खाली ओढलेला. त्यांच्या थोरल्या मुलानं जीप काढली, दारात आणली, आणि घाबरून ओरडला, "बाबा, कुठं नेऊ? डोंगराकडं नेऊ का?"

काकासाहेबांची जीभ वळत नव्हती. जोर लावून, थुंकी सांडत, त्यांनी एकच गोष्ट सांगितली.

"चतु... चतुराला... विचार."

अक्का तोवर जीपमध्ये जाऊन बसली होती. पदर कमरेला खोचलेला, तोंड शहराच्या रस्त्याकडं.